धातूच्या फिगरवर टिकणारा प्रायमर: दहा महिन्यांच्या वापरानंतर

टेबलावर लढाई खेळायच्या धातूच्या छोट्या फिगर मी रंगवतो. मद्रासच्या देशी पलटणीचे चाळीस शिपाई मी गेल्या नोव्हेंबरात रंगवले. लाल कोट, छातीवर पांढरे पट्टे, हातात लांब बंदुका. नाताळच्या सुट्टीत डोंबिवलीच्या मित्राकडे दोन डाव खेळलो. घरी येऊन डबा उघडला तर संगिनींच्या टोकांवर, टोप्यांच्या कडांवर आणि पुढे आलेल्या गुडघ्यांवर रंग उडून खालचा धातू चमकत होता. एका शिपायाच्या पाठीवरून तर अख्खा पोपडा सुटून आला. तो उलटा करून बघितला तर आतली बाजू करडी होती. रंगाने प्रायमरला, म्हणजे खालच्या अस्तराला, घट्ट धरलं होतं, प्रायमरनेच धातूला सोडलं होतं.

ते चाळीस धरून आजपर्यंत १३२ फिगर झाल्या. सगळ्या २८ मिलिमीटरच्या, सगळ्या धातूच्या आणि सगळ्या असईच्या लढाईसाठी. आता जालना जिल्ह्यात असलेल्या या गावाजवळ, केळना आणि जुई या नद्यांच्या मधल्या जमिनीवर, २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज आणि ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीची फौज भिडली. ते टेबल नीट उभं करायचं हे माझं आणि डोंबिवलीच्या मित्राचं जुनं स्वप्न आहे. या फिगरवर मी तीन प्रकारचे प्रायमर वापरले. चाळीसवर गाडीचा स्प्रे, बत्तीसवर पाण्यातला बाटलीचा प्रायमर आणि साठवर जपानी मेटल प्रायमर व त्यावर लॅकरचं अस्तर. थंडी, उन्हाळा आणि ठाण्याचा अख्खा पावसाळा यातून त्या गेल्या आहेत, म्हणून आता लिहायला बसलो.

आधी हा धातू कोणता ते सांगतो, कारण सगळी अडचण तिथूनच सुरू होते. आजकालच्या बहुतेक फिगर म्हणजे मुख्यतः कथील, त्यात थोडं अँटिमनी किंवा बिस्मथ. जुन्या फिगरमध्ये शिसंही भरपूर असायचं. प्लॅस्टिकच्या फिगरवर लॅकरचा प्रायमर मारला की त्यातलं द्रावण प्लॅस्टिकचा वरचा थर किंचित विरघळवतं आणि प्रायमर त्यात रुततो. कथलाला असलं काही होत नाही. त्याला छिद्रं नाहीत, तो काही शोषून घेत नाही, आणि साच्यातून निघाल्यावर त्याचा पृष्ठभाग अगदी गुळगुळीत असतो. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात तसं. त्यामुळे प्रायमर विकत घेताना मी पूर्वी विचारायचो की झाकतो किती छान. आता पहिला प्रश्न एकच असतो, धरतो किती.

फिगर ओतताना व्हल्कनाइज्ड रबराचा गोल साचा गरगर फिरवतात आणि वितळलेला धातू त्या जोराने कडेपर्यंत ढकलला जातो. फिगर साच्याला चिकटू नये म्हणून आत टाल्कसारखी भुकटी किंवा दुसरा काही मोचक लावलेला असतो. पाकिटातून काढलेल्या फिगरवर त्याचा अंश राहतो. डोळ्यांना दिसत नाही, पण बोटं एकमेकांवर घासली की साबणाच्या चुऱ्यासारखं लागतं. माझ्या पहिल्या चाळीस शिपायांच्या अंगावर हे सगळं तसंच होतं. मी कानशीने शिवणी काढल्या, कोरड्या ब्रशने भुसा झटकला आणि थेट स्प्रे मारला.

लहानपणी आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा. भाता चालवून भांडं तापवायचा, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने आतून असं घासायचा की पांढरा धूर निघायचा, आणि मगच कथलाची कांडी टेकवायचा. जिथे मळ राहिला तिथे कल्हई बसायची नाही, काळा ठिपका उरायचा. कथील तांब्यावर बसवायचं तर एवढी सफाई लागते, मग कथलावर रंग बसवायला का नको? ही गोष्ट मला चाळीस फिगर वाया गेल्यावर आठवली याचं अजून वाईट वाटतं.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. चाकू आणि बारीक कानशीने शिवण आणि पापुद्रे काढायचे. खाली ओला कागद पसरायचा, म्हणजे धातूचा कीस घरभर उडत नाही. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश, आणि काखेत, ढालीमागे, घोड्याच्या पोटाखाली, सगळीकडे घासायचं. स्वच्छ पाण्यातून दोनदा काढायचं आणि रात्रभर जुन्या पंचावर वाळवायचं. दुसऱ्या दिवसापासून अंगाला बोट लावायचं नाही. उघड्या बोटांचं तेल पुन्हा लागलं की धुतलेलं फुकट जातं. आइस्क्रीमच्या रुंद काड्यांवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून मी एका काडीवर चार शिपाई उभे करतो, मध्ये बोटभर अंतर ठेवून. काडी धरली की फिगरला हात लावायची गरजच उरत नाही.

माझी आई देवघरातली भांडी पितांबरीने नाही तर चिंचेने घासते. फिगर धुताना बघून तिने मला चिंचेचा कोळ आणून दिला होता. काही जण धातू खरवडला जावा म्हणून व्हिनेगरमध्ये बुडवायलाही सांगतात. नव्या, शिसं नसलेल्या फिगरला याने फार काही होणार नाही. पण जुन्या फिगरजवळ आंबट पदार्थ चुकूनही नेऊ नका. शिसं आणि ॲसेटिक ॲसिड यांचं अजिबात जमत नाही, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

तिन्ही प्रायमर कसे वागले हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं नव्हतं, म्हणून एक चाचणी केली. रंग-उद्योगात ती नेहमी करतात आणि घरीही सहज होते. फिगरच्या पाकिटात ओतकामाचे सपाट धातूचे तुकडे उरतात ते घेतले. अर्धे धुतले, अर्धे तसेच ठेवले. प्रत्येकावर प्रायमर मारून ठरलेले दिवस वाळू दिला. मग नव्या ब्लेडने एक एक मिलिमीटरवर सहा उभ्या आणि सहा आडव्या चिरा, म्हणजे पंचवीस चौकटी. त्यावर पारदर्शक टेप दाबून बसवायची आणि झटक्यात ओढायची. टेपबरोबर किती चौकटी आल्या ते मोजायचं.

न धुतलेल्या तुकड्यावरचा गाडीचा प्रायमर जवळपास सगळाच टेपला चिकटून आला. त्याच डब्यातला, त्याच दिवशी मारलेला प्रायमर धुतलेल्या तुकड्यावरून फक्त चार चौकटी सुटला. फरक केवळ साबणाचा. ती टेप मी वहीत चिकटवून ठेवली आहे. कोणी विचारलं की महागातला प्रायमर घेऊ का, तर आधी ते पान दाखवतो.

गाडीच्या प्रायमरबद्दल एवढ्यावरून वाईट मत करून घेऊ नका. दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानात तीनशे रुपयांच्या आत मिळतो, धातूसाठीच बनलेला आहे आणि धुतलेल्या फिगरवर चांगला बसतो. त्याचा दोष वेगळा आहे. तो दरवाजे आणि मडगार्डसाठी असतो. ओरखडे भरून यावेत म्हणून काहींमध्ये भरणीचा मसाला जास्त घातलेला असतो, आणि २८ मिलिमीटरच्या शिपायाचा चेहरा जेमतेम चार मिलिमीटरचा. दुसरा हात जरा जड झाला की डोळ्यांच्या खाचा, बोटांमधल्या फटी, पट्ट्याचं बक्कल हे सगळं बुजतं. माझ्या पहिल्या तुकडीतले निम्मे शिपाई डोळे मिटल्यासारखे दिसतात. डब्यावर फिलर किंवा हाय बिल्ड असं लिहिलं असेल तर फिगरसाठी घेऊ नका. साधा प्रायमर असेल तर तोफा, चाकं, दारूगोळ्याच्या गाड्या यांना उत्तम. माझ्या शिंद्यांच्या तोफखान्यासाठी मी अजूनही तोच वापरतो.

हार्डवेअरवाले काका रेड ऑक्साइड देऊ करतील. तो खिडकीच्या गजांसाठी आहे, त्यांच्यासाठीच राहू द्या.

पाण्यातला पॉलियुरेथेन प्रायमर मी फेब्रुवारीत आणला. याचं मोठं सुख म्हणजे वास नाही, ब्रशने लावता येतो, घरात बसून काम होतं. परदेशातून येणारा भाऊ-बहीण कोणी असेल तर तो सामानातून आणता येतो. रंगाचे स्प्रे डबे आणि ज्वालाग्राही द्रावणाच्या बाटल्या विमानात न्यायला बंदी आहे, चेक-इन बॅगेतसुद्धा. तर सोय म्हणाल तर यासारखी सोय नाही. पण धातूवर याला सांभाळून घ्यावं लागतं, आणि हे मला बाटलीवर कुठेही वाचायला मिळालं नाही.

हा प्रायमर वाळला की त्याची प्लॅस्टिकसारखी एक कातडी बनते. अर्ध्या तासात हाताला कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला बरेच दिवस घेतो. मी एका दिवसानंतर चाचणी केली तेव्हा धुतलेल्या तुकड्यावरूनही चौकटी मोजायची वेळ आली नाही. ब्लेडच्या चिरेपासून सगळा थर रबरासारखा ताणत उचलला गेला, दुधावरची साय उचलावी तसा. तसाच दुसरा तुकडा आठवडाभर ठेवून चाचणी केली तर पंचवीसपैकी सहा चौकटी आल्या. म्हणजे थांबायची तयारी असेल तर जमतं. याला पॉलिश पेपर अजिबात लावायचा नाही, कडेने फाटतो. पाणी घालून पातळ करायचा मोह टाळायचा, पकड कमी होते. आणि ब्रशने लावताना ओला असेपर्यंतच पसरवायचा. जरा ओढायला लागला की त्या जागी परत ब्रश फिरवला तर गोळे होतात. लावल्यावर जाडसर दिसतो तेव्हा भीती वाटते, पण वाळताना आकसून बारकाव्यांमध्ये बसतो, तिथे मात्र गाडीच्या प्रायमरपेक्षा कितीतरी सरस आहे.

बत्तीसपैकी ज्या चौदा फिगर काचेच्या पेटीत उभ्या आहेत त्या अजून जशाच्या तशा आहेत. टेबलावर खेळलेल्या अठरांपैकी सहांच्या संगिनी उघड्या पडल्या. हे का होतं ते भिंगाखाली बघितल्यावर समजलं. कोणताही पातळ रंग धारदार कडेवरून मागे सरकतो, तिथे थर सगळ्यात पातळ राहतो, आणि हात नेमका तिथेच लागतो. त्यात धातूची संगीन जरा दाबली की वाकते, वर बसलेली कातडी मात्र तेवढी वाकत नाही, सुटते. म्हणून आता संगिनीच्या टोकाला मी वेगळा एक हात देतो, ब्रशच्या अणकुचीदार टोकाने, आणि शिपाई उचलताना त्याला नेहमी तळातून उचलायचं हे भाच्यालाही शिकवलंय.

आता ज्यावर मी थांबलो ते. मिस्टर मेटल प्रायमर नावाची जपानी बाटली आहे, ४० मिलिलिटरची, पाण्यासारखी पातळ आणि रंगहीन. तिला रंग नाही, झाकायची ताकद नाही, ती फक्त धातू आणि वरचा थर यांना जोडते. प्लॅस्टिकच्या मॉडेलवर पितळी पत्र्याचे बारीक भाग लावणारे लोक ती पूर्वीपासून वापरतात. मी चपट्या मऊ ब्रशने धुतलेल्या फिगरवर एकच हात फिरवतो. काही मिनिटांत वाळते आणि किंचित चमक राहते, त्यामुळे कुठे लावायचं राहिलं ते उजेडात तिरकं धरलं की दिसतं. त्यावर त्याच कंपनीचा मिस्टर सरफेसर, म्हणजे लॅकरचं अस्तर, स्प्रेच्या डब्यातला. यात ५००, १०००, १२००, १५०० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका थर बारीक. ५०० हा खड्डे भरायला. चेहऱ्यांसाठी मी १२०० किंवा १५०० च घेतो.

चाचणीत धुतलेल्या तुकड्यावरून टेपला एकही चौकट आली नाही. न धुतलेल्यावरून तीन आल्या, म्हणजे याच्याही बाबतीत साबण सुटत नाही. साठ फिगर, सहा महिने, बऱ्यापैकी खेळ झालेला, आणि टवके उडालेल्या फिगर दोन. त्यातली एक टेबलावरून फरशीवर पडली होती.

मेटल प्रायमर न लावता नुसता लॅकरचा प्रायमर मारला तर? तामियाचा फाइन सरफेस प्रायमर प्लॅस्टिक आणि धातू दोन्हींसाठी आहे असं डब्यावरच असतं, आणि मित्राने त्याच्या शिंद्यांच्या घोडदळावर तोच एकटा वापरलाय. त्याच्या फिगर उत्तम टिकल्या आहेत. त्यात ऑक्साइड रेड नावाची तपकिरी-लाल छटा मिळते, ती घोड्यांखाली आणि चामड्याखाली इतकी सुरेख दिसते की अर्ध्या सावल्या फुकटात मिळतात. तुम्हाला एकच वस्तू घ्यायची असेल आणि रोज हाताळायच्या फिगर नसतील तर तोही पुरेसा आहे. खर्च दोन्हींचा जास्तच. मिळेल तेव्हा घेऊन ठेवावा लागतो, कारण डबा हवाई कुरिअरने येत नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगायलाच हवं, कारण परदेशी लोकांचे सल्ले आपल्याकडे इथेच कमी पडतात. जुलैच्या एका संध्याकाळी पाऊस थांबला म्हणून मी गॅलरीत आठ फिगर फवारल्या. पाच मिनिटांत काळ्या थरावर बुरशीसारखा पांढुरका धुरळा आला. द्रावण भराभर उडतं तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो, आणि हवा दमट असली की तिच्यातलं पाणी त्या थंड थरावर धरतं. तेच आत अडकून पांढरं दिसतं. भिंतीवरच्या छोट्या आर्द्रता-मीटरवर तेव्हा ८९ टक्के होते. आता साठच्या वर काटा असला की मी डब्याला हात लावत नाही. ठाण्यात याचा अर्थ डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या दुपारी, आणि पुढे उन्हाळ्यात क्वचित एखादी कोरडी दुपार. त्यामुळे वर्षभराच्या फिगर मी थंडीतच धुऊन, प्रायमर मारून, झाकणाच्या डब्यात ठेवणार आहे. जून ते सप्टेंबर फक्त रंगवायचं. तेवढ्यातही एखादी नवी फिगर राहवत नसेल तर पाण्यातला प्रायमर ब्रशने लावायचा, पंख्याखाली ठेवायचा आणि आठ दिवस विसरायचं.

एप्रिल-मेच्या उन्हात उलटा त्रास. थेंब फिगरपर्यंत पोचायच्या आतच हवेत वाळतात आणि वर पडतात तेव्हा अंग पॉलिश पेपरसारखं खरखरीत होतं. तेव्हा अंतर कमी करायचं. एरवी मी वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटरच्या आसपास ठेवतो. डबा दोन मिनिटं नीट हलवायचा, आतली गोळी मोकळी वाजली पाहिजे. फवारा फिगरच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. सगळ्यात आधी काडी आडवी धरून खालून, काखांमध्ये आणि टोपीच्या कडेखाली मारायचं, वरून शेवटी. लोक वरून सुरुवात करतात, मग खालच्या सावलीत पोचवण्यासाठी परत परत मारतात आणि चेहरा बुजवतात. एका वेळी झाकायचा हट्ट नको. पहिल्या हातात धातू दिसत राहिला तरी चालेल.

हे काम गच्चीवर, वारा पडलेला असताना, आणि तोंडाला द्रावणाची वाफ अडवणारा कार्बनचा मास्क लावून. कापडी किंवा सर्जिकल मास्कने वाफ अडत नाही. स्वयंपाकघराच्या गॅलरीत तर नकोच, शेगडी जवळ असते.

रंगाची निवड पकडीइतकी अवघड नाही. लाल कोटांच्या पलटणीला मी पांढरा किंवा फिकट करडा घेतो, कारण काळ्यावर लाल चढवायला चार हात लागतात आणि तोवर घड्या बुजतात. दाढीवाल्या, गडद अंगरख्याच्या स्वारांना काळा, आणि त्यावर वरच्या कोनातून हलका पांढरा फवारा, म्हणजे उजेड कुठे पडणार ते आधीच दिसतं. करडा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, राहिलेली शिवण तो लगेच दाखवतो.

जुन्या फिगरचं राहिलं. मार्चमध्ये एका वयस्कर संग्राहकाकडून वीसेक जुने, शिशाचे स्वार मिळाले. चाळीस वर्षं लाकडी कपाटात होते. सातांच्या अंगावर पांढरी पीठासारखी भुकटी होती, जिथे होती तिथे बारकावे खाल्लेले. लाकूड, प्लायवूड, ताजं वॉर्निश यातून ॲसेटिक ॲसिडची वाफ निघत राहते, बंद कपाटात ती साचते आणि शिशाचं हळूहळू लेड कार्बोनेट होतं. भुकटी विषारी आहे. हातमोजे आणि मास्क घालून, वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने ती काढली. नळाखाली आधी एक टब ठेवला, ब्रश नंतर टाकून दिला. पूर्ण वाळवल्यावर मेटल प्रायमर आणि सरफेसर. चिंच आणि व्हिनेगर नको म्हणालो ते याचसाठी. सहा महिने झाले, अजून कुठेही पांढरं उगवलेलं नाही. ते स्वार आता झाकण सैल असलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात आहेत, लाकडापासून लांब.

पहिले चाळीस शिपाई मी गेल्या महिन्यात उतरवायला घेतले. धातूच्या फिगरची ही मोठी कृपा, ॲसिटोनमध्ये रात्रभर बुडवल्या तरी त्यांचं काही बिघडत नाही. फक्त आधी त्यांना प्लॅस्टिकच्या बैठकीवरून सोडवा. मी पहिल्या चार तशाच टाकल्या आणि सकाळी बरणीच्या तळाशी बैठकींचा काळा चिकट गोळा झाला होता, तो बंदुकांच्या कड्यांमधून टाचणीने काढायला एक अख्खी संध्याकाळ गेली. बाकीचे छत्तीस चकचकीत निघाले. आता ते साबणाच्या पाण्यातून निघून पंचावर पालथे पडले आहेत, आणि मी मीटरचा काटा साठच्या खाली यायची वाट बघतोय.